वरचा शॉवर, खालचा फ्यूज

८ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. एकाच जिन्याच्या वर आणि खाली राहून आपण टपालाने पत्रं टाकतो, याचं पोस्टमनला हसू येतं, ते येऊ दे. मागच्या वेळी मी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती, ती तुम्ही ‘टपालाने पाठवावे’ असा तांबड्या शाईचा शेरा मारून परत वर पाठवलीत. हेडक्लार्क निवृत्त होतो, त्याचा शेरा निवृत्त होत नाही. आणि ‘तुम्ही’ लिहितोय, कारण बाबांच्या मागे घराची वाटणी झाल्यापासून ‘तू’ म्हणण्याइतकं आपल्यात काही उरलेलं नाही.

कामाचं लिहितो. हिच्या काखेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं हे वहिनींकडून कळलं असेलच. गाठ गेली, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. डाव्या हाताने तांब्या उचलते, तर पाणी डोक्यावर कमी आणि भिंतीवर जास्त. म्हणून मी तिला आंघोळ घालतो. तिला ते सोसत नाही. एवढी वर्षं संसार झाला तरी डोळे घट्ट मिटून बसते, आणि मी दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर काढताना बडबडतो तसा उगाच काहीतरी बडबडत राहतो. बाहेर आल्यावर बराच वेळ ती माझ्याशी बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, विजेचा शॉवर बसवा. बटण दाबलं की डोक्यावर गरम पाणी. स्टुलावर बसून, दार लावून, तिची ती आंघोळ करेल. शॉवर आणलाय. वायरमन येऊन जिन्याखालच्या तुमच्या कपाटात फटीतून बॅटरी मारून बघून गेला. म्हणाला, हा शॉवर म्हणजे सात-आठ इस्त्र्या एकदम चालवल्यासारखं आहे. ती चिनी मातीच्या फ्यूजची जुनी पेटी आणि भिंतीतल्या बारीक तारा हा भार ओढणार नाहीत. मीटरपासून स्वतंत्र जाड केबल हवी, अर्थिंग नवं हवं, आणि वीज कुठे गळायला लागली तर तत्क्षणी बंद करणारा स्विच हवा. म्हणजे पेटीच बदलायची. पेटी तुमच्या हिश्श्यात आहे. खर्च सगळा माझा. तुमची दोन ओळींची संमती हवी, एवढंच मागणं आहे.

वरचा

---

१४ नोव्हेंबर

धाकट्यास,

पत्र पोचलं. पोस्टमन हसला नाही. तुझ्या दुकानातला चष्मा त्याला लागलेला दिसत नाही.

ती पेटी बाबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली. तेव्हापासून या घरातला दिवा कधी अडला नाही. दिवे, पंखे, इस्त्री, तुझ्या वहिनीचं शिलाई मशीन, सगळं तिच्यावर चालतं. ती मोडीत काढायला कोणी वायरमन फटीतून बघून सांगणार आणि मी मान डोलावणार, असं होणार नाही. आज पेटी, उद्या स्वतंत्र मीटर, परवा जिन्याला स्वतंत्र दार. कुठे पाणी मुरतंय ते कळायला मला दुसऱ्याची बॅटरी लागत नाही. मी जन्मभर संमतिपत्रंच तपासली आहेत. दोन ओळींखाली काय काय दडवता येतं ते मला विचार.

तुझ्या बायकोच्या हाताचं ऐकून वाईट वाटलं, हे खरं आहे. तुझी वहिनी म्हणाली, मी रोज वर जाऊन तिला आंघोळ घालत जाते. मी म्हटलं, आधी गच्चीची किल्ली खाली येऊ दे, मग बघू. बाकी सगळं जग बादलीतून आंघोळ करून म्हातारं झालं आहे.

संमती नाही.

खालचा

---

१ डिसेंबर

दादा,

गच्चीची किल्ली आणि बायकोची आंघोळ तुम्ही एका तागडीत घातलीत, तेव्हाच मी हात टेकले. तुमच्याकडे माणुसकीलाही तिकीट लावून अर्ज करावा लागतो.

शॉवर बसवला. आहे त्याच लाइनवर जोडला. वायरमन आधी नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, बाबा रे, तू नाही जोडलंस तर दुसरा जोडेल, त्यापेक्षा निदान तू नीट तरी जोड. पुष्कळ कुरकुर केली, मग जोडला, आणि जाताना म्हणाला, काही झालं तर माझं नाव कुठे घेऊ नका. दहा वाक्यं शहाणपणाची बोलून अकराव्याला पैसे खिशात घालणारा माणूस. मीही काही त्याला अडवलं नाही.

पहिल्या दिवशी ही दार लावून आत गेली आणि आतून कडी घातली. कडीचा आवाज ऐकून मला रडू आलं, दादा. मग फ्यूज गेला. तुमच्याकडचा दिवाही गेला असेल, त्याबद्दल माफी मागतो. पण पेटी तुमच्या कुलपात आहे. फ्यूज गेला की तो घालायचं काम तुमच्याकडे येतं, ही व्यवस्था मी केलेली नाही.

वरचा

---

१२ डिसेंबर

धाकट्यास,

तुझ्या कृपेने रोज सकाळी मी जिन्याखाली स्टुलावर बसलेला असतो. तोंडात बॅटरी, हातात पक्कड. कपाटाची किल्ली तुझ्या वहिनीच्या जुडग्यात असते, म्हणून तिलाही मशीनवरून उठवावं लागतं. ती शेजारी उभी राहून सगळं बघते आणि फ्यूजची तार कापून देते. दोरा ओवायची सवय असलेले हात, माझ्यापेक्षा तिलाच चांगलं जमेल आता. चहा राहतो, पेपर राहतो. मी तार बसवतो, वर तुझी महाराणी बटण दाबते, आणि ठप्प.

परवा तू खाली येऊन दारावर थापा मारल्यास. आपलं बोलणं बंद आहे, भांडण चालू आहे, हे मला मान्य आहे. पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ‘तुम्हाला ती मेलेली हवी आहे’ हे तू म्हणालास ते मी विसरणार नाही. आपण दोघं जिन्यात उभे होतो आणि तुझी वहिनी मधून वाट काढून वर गेली, कारण तिच्याच्याने ते ऐकवेना.

शॉवर काढून टाक. नाहीतर एक दिवस मी फ्यूज घालणारच नाही आणि घर सगळं अंधारात राहील. वरचंही आणि खालचंही.

खालचा

---

१८ जानेवारी

दादा,

कित्येक दिवस लिहू की नको असं चाललं होतं. फ्यूज जात नाही. तुमचं ते पत्र आलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एकदाही गेलेला नाही.

तुम्ही काय केलंत ते मी विचारणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मदत करायची तीही पाठ फिरवून. मी आत्याच्या अंगणातल्या झाडावरून पडलो होतो तेव्हा तू मला घरापर्यंत पाठीवर आणलंस आणि उंबऱ्यात टाकून आईला म्हणालास, हा बघ, वाटेत सापडला. आजही तसंच केलंस, एवढं मला कळलं. मी आभार मानतो आणि विषय संपवतो.

ही आता आत बराच वेळ असते. साबणाचा वास येतो, पाण्याचा आवाज येतो, कधी कधी गुणगुणणं येतं. बाहेर येते ती केस पुसत, डाव्या हाताने, आणि माझ्याशी बोलते. काल म्हणाली, आज भाजी मी चिरते. चिरता आली नाही, ती गोष्ट वेगळी.

गच्चीची किल्ली सोबत पाकिटात आहे. तिचं लोणचं घालून ठेवलं होतं का मी, असं तुझ्याच भाषेत मी स्वतःला विचारलं.

वरचा

---

२७ जानेवारी

धाकट्या,

किल्ली मिळाली. टपालाने किल्ली पाठवू नये, पाकीट फाटतं. पुढच्या वेळी लक्षात ठेव.

तूही समजूतदारपणा दाखवलास. मी काही बोललो नव्हतो, पण मला ते दिसलं. सकाळचा चहा गरम प्यायला मिळतो, पेपर पहिल्या पानापासून वाचता येतो, यावरून माणसाला काय ते कळतं. कसं केलंस, शॉवर मंद ठेवतोस की आणखी काही युक्ती काढलीस, ते मलाही विचारायचं नाही. आपल्या घरात चांगली गोष्ट फार बोलली की नासते.

इकडे सगळं ठीक. शेजारची मांजर हल्ली आमच्या जिन्याखाली मुक्कामाला असते. कपाटाच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून झोपते, हाकललं तरी हलत नाही. भिंत तिथे ऊबदार लागते, असं तुझी वहिनी म्हणते. मधूनच रबर जळल्यासारखा वास येतो. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याचे उद्योग असणार, त्याला सांगायला हवं.

तुझ्या वहिनीचं एक नवीनच निघालंय. म्हणते, न्हाणीघरातला नळ चावतो. हात लावला की मुंग्या येतात. मी लावून बघितला, मला काही चावलं नाही. थंडीचे दिवस आहेत आणि दिवसभर मशीन चालवून बोटांचे सांधे धरलेले असतात, त्याला नळ काय करणार? हसलो मी. ती रुसली.

एखाद्या रविवारी खाली ये. जिना तोच आहे.

दादा

---

४ फेब्रुवारी

दादा,

शेवटी ‘खालचा’ ऐवजी ‘दादा’ लिहिलंस, ते हिला दाखवलं. तिने पत्र दोनदा वाचलं, परत दिलं आणि तडक जिन्यात गेली. बायकांचं काही कळत नाही.

त्या मांजरीकडून भाडं घे. फुकट ऊब कोण देतं हल्ली?

वहिनींच्या नळाचं वाचून गंमत वाटली, कारण हीसुद्धा मध्यंतरी तेच म्हणाली. शॉवरच्या नळीला हात लागला की झिणझिण्या येतात म्हणे. ऑपरेशनमध्ये काखेतल्या नसा दुखावल्या आहेत, त्या अशाच कुठे कुठे झणझणत राहणार, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोघी दुपारी जिन्यात बसून एकमेकींची दुखणी उसनी घेत असतील. एकदा वाटलं, वायरमनला बोलवावं. पण तो आला की पेटीचं रडगाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, मग संमती, मग तू, मग मी. आता कुठे सगळं सुरळीत चाललंय. तुझं काय मत? मला वाटतं, राहू द्यावं.

रविवारी येतो. चहात साखर कमी घालायला सांग वहिनींना.

तुझा धाकटा

---

२ मार्च

धाकट्यास,

तू खांदा दिलास म्हणून मी तुझ्याशी बोलेन असं समजू नकोस.

त्या दिवशी सकाळी तुझी वहिनी आंघोळीला गेली. मी बाहेर पेपर वाचत होतो. बादली पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, काय पाडलंस? पुन्हा म्हटलं. मग उठलो. तिचा हात नळाला होता आणि तो सुटत नव्हता. मी तिला ओढायला गेलो तर मी भिंतीवर फेकला गेलो. वर तुझ्याकडे पाणी चालू होतं, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी मुख्य खटका पाडला तेव्हा तो थांबला.

काल वीज कार्यालयाचा निरीक्षक येऊन गेला. त्याने मला पेटी उघडून दाखवली. वरच्या-खालच्या सामाईक लाइनच्या फ्यूजमध्ये फ्यूजची तार नाहीच. तिथे तांब्याच्या तारांचा जाड पीळ घातलेला आहे, बोटाने सहज वाकणार नाही असा. तो म्हणाला, बारीक तार असती तर ती वितळली असती आणि वीज बंद झाली असती. ही वितळली नाही, म्हणून भिंतीच्या आतली वायर तापत राहिली. दोन-अडीच महिने तापून तिच्यावरचं रबर गळलं, उघडी तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला टेकली, आणि अर्थिंग कधीच मेलेलं असल्यामुळे वीज पाइपात बसून राहिली. त्या पाइपावर आमचा नळ आहे. त्याने मला विचारलं, हा पीळ कोणी घातला?

मी घातलेला नाही. मग उरतं कोण? तुला तुझा शॉवर चालायला हवा होता. आम्ही बाहेर गेलेलो असताना कधीतरी तू खाली आलास आणि कपाट उघडलंस. आणि मी मूर्ख, त्याला समजूतदारपणा म्हणालो. चहा गरम मिळतो म्हणून तुझे गुण गायले.

निरीक्षक पुन्हा येणार आहे. मी त्याला तुझं नाव सांगणार.

खालचा

---

७ मार्च

दादा,

तुमचं दुःख मी समजू शकतो, पण आरोप स्वीकारू शकत नाही.

कपाट तुमचं, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या घरात. त्या पेटीला हात लावायची मला बंदी होती, ती बंदी तुमच्याच अक्षरात माझ्याजवळ आहे. रोज उठून फ्यूज घालण्याचा कंटाळा कोणाला आला होता? ‘तोंडात बॅटरी, हातात पक्कड’ हे कोणी लिहिलं होतं? मी जानेवारीत तुमचे आभार मानले, तेव्हा तुम्ही नाकारलं नाहीत. मी काहीच केलं नाही, असं एका ओळीत कळवणं तुम्हाला जड नव्हतं.

वायरमनने जे सांगितलं ते मी नोव्हेंबरातच तुम्हाला लिहून कळवलं होतं. तुम्ही दोन ओळी दिल्या असत्या तर वहिनी आज असत्या. निरीक्षक मलाही विचारेल. मी एवढंच सांगेन की पेटी माझ्या ताब्यात नव्हती.

वरचा

---

१० मार्च

भाऊजी,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा. तुम्हा दोघांच्या पत्रांतून माझा खांदा, माझी आंघोळ, माझ्या नसा, सगळं जिन्यावरून वर-खाली झालं. मला कोणी काही विचारलं नाही. आता न विचारता सांगते.

तो पीळ जाऊबाईंनी घातला.

डिसेंबरात तुम्ही दोघं जिन्यात भांडत होतात त्या दिवशी मी आत बसले होते. डोक्याला साबण, दिवा गेलेला, पाणी बंद. थंडीने दातावर दात आपटत होते. दोन्ही हात साबणाचे, त्यामुळे डोळ्यांतला साबणही पुसता येत नव्हता. बाहेर माझ्यावरूनच आरडाओरडा चाललेला. जाऊबाई बॅटरी घेऊन आल्या. गॅसवर पाणी तापवलं, माझे केस धुतले, अंग पुसलं, लहान मुलीला घालतात तसे कपडे घातले. मी रडत होते. मी म्हटलं, शॉवर काढून टाकायला सांगते ह्यांना. त्या म्हणाल्या, ‘अजिबात नाही. धाकटे, तू दार लावून आंघोळ करायची. आठवड्याभरात बघ, जायचा नाही फ्यूज.’

मोडलेल्या इस्त्रीची वायर होती त्यांच्याकडे. तिच्यातल्या तारा काढून त्यांनी पीळ घातला आणि तुम्ही बाजारात गेल्यावर बसवला. मला दुपारी येऊन सांगितलं, हसत. त्यांना वाटलं, बारीक दोरा तटकन तुटतो, दुहेरी-तिहेरी दोरा टिकतो. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? मलाही तेच वाटलं. तुटणं हेच त्या तारेचं काम असतं, हे आम्हा दोघींना कोणी सांगितलं नाही. ज्यांना ते माहीत होतं ते एकमेकांना पत्रं लिहिण्यात गुंतले होते.

मग तुम्ही एकमेकांचे आभार मानायला लागलात. आम्ही जिन्यात बसून किती हसलो असू. मी म्हटलं, खरं सांगून टाकूया का? त्या म्हणाल्या, ‘राहू दे गं, भ्रमात का होईना, भाऊ भाऊ बोलतायत.’

नळ चावतो हे आम्ही दोघींनी आपापल्या नवऱ्याला सांगितलं होतं. एकीचे सांधे निघाले, दुसरीच्या नसा. त्या दिवशी सकाळी मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. मला काही झालं नाही. पाणी छान गरम येत होतं. खाली काय चाललंय ते मला कळलंही नाही, मी गुणगुणत होते. ते मला आता विसरता येत नाही.

आणखी एक. हे सगळं मी ह्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं, तुम्ही सगळे जाऊबाईंना पोचवून परत आलात तेव्हा. तरीही ह्यांनी तुम्हाला ते पत्र लिहिलं. म्हणतात, तुला मध्ये ओढतील, म्हणून लिहिलं. मी म्हटलं, मी मध्येच आहे. आज सकाळपासून आम्ही दोघं बोललेलो नाही. मी काही दिवस बहिणीकडे जाते आहे. किती दिवस ते ठरवलेलं नाही.

तुम्ही निरीक्षकाला माझं नाव सांगितलंत तरी चालेल. मला माहीत होतं.

धाकटी

---

१६ मार्च

धाकटे,

तुला हाक काय मारावी हे इतक्या वर्षांत मी ठरवलं नव्हतं. ती जी हाक मारायची तीच मारतो. पत्र तुझ्या बहिणीच्या पत्त्यावर टाकतो आहे.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी तिच्या मशीनचा खण उघडला. इस्त्रीच्या वायरचं उरलेलं टोक तिथेच होतं, रिळांच्या शेजारी नीट गुंडाळून ठेवलेलं. ती काही फेकत नसे. ते परत खणात ठेवून मी निरीक्षकाच्या कचेरीत गेलो. पीळ मी घातला, असं सांगितलं. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. याचं पुढे काय व्हायचं ते होईल, मला त्याची फिकीर नाही. तू त्यात आता काही दुरुस्ती करू नकोस. तिने जे केलं ते तिच्या नावावर कुठल्याही कागदात जायचं नाही. लोक वाचतील आणि म्हणतील, बाईला अक्कल नव्हती. तिला अक्कल होती. आमच्या घरात ती तिला एकटीलाच होती.

धाकट्याने तुझ्यासाठी खोटं लिहिलं, मी तिच्यासाठी खोटं सांगितलं. एका बापाचे आहोत, ते असं दिसलं. त्याचं पत्र मी जाळलेलं नाही, पण त्याला उत्तरही देणार नाही. आज धाकटा पेटी बदलायला वायरमन घेऊन दारात उभा होता. मी कपाट उघडून दिलं आणि आत आलो.

पीळ मी घातला नाही हे खरं आहे, आणि म्हणून मी सुटलो असं तुला वाटत असेल तर तसं नाही. एक गोष्ट मी निरीक्षकाला सांगितली नाही, धाकट्याला लिहिली नाही, ती तुला लिहितो. ती सारखी सांगत होती, नळ चावतो. पहिल्यांदा मी हसलो. मग सांधे म्हणालो. फेब्रुवारीच्या शेवटी ती पुन्हा म्हणाली, आता फार चावतो हो. मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालो, ‘चप्पल घालून धरत जा नळ.’

सांध्यांच्या दुखण्याला कोणी चप्पल सांगत नाही. वीज असेल तरच माणूस चप्पल घालायला सांगतो. म्हणजे मला ठाऊक होतं. कुठेतरी आत नीट ठाऊक होतं, आणि मी ते वर येऊ दिलं नाही. वर आलं असतं तर पेटी उघडावी लागली असती, वायरमन बोलवावा लागला असता, आणि धाकट्याचं खरं होतं असं म्हणावं लागलं असतं.

मी बाजारातून तिला नव्या रबरी चपला आणून दिल्या. तिला एवढा आनंद झाला की मला लाज वाटली. म्हणाली, घरात घालायला फार चांगल्या आहेत, बाहेर जायला ठेवते. त्या दिवशी मी न्हाणीघरात धावलो तेव्हा त्या दाराबाहेर होत्या. आतल्या पाण्याने खराब होऊ नयेत म्हणून तिने काढून ठेवल्या होत्या.

तुझा भाऊजी